पश्चिम भारताची युरोपीय मुद्राचित्रे

पश्चिम भारताची युरोपीय मुद्राचित्रे म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपीय प्रवासी, अधिकारी आणि चित्रकार यांच्या रेखाटनांवरून तयार झालेली, आजच्या महाराष्ट्र व गोव्याशी संबंधित छापील चित्रे होत. तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर, लाकडी ठोकळ्यावर अथवा दगडावर प्रतिमा तयार करून तिचे ठसे कागदावर घेतले जात. गोव्याचा बाजार, मुंबई बेट, घारापुरी, कार्ले व वेरूळ येथील लेणी, पनवेलहून पुण्याकडे जाणारी वाट, दौलताबादचा किल्ला आणि पेशव्यांचा दरबार हे या चित्रांचे प्रमुख विषय आहेत.

छायाचित्रण येण्यापूर्वीच्या काळासाठी ही चित्रे इतिहासाचे महत्त्वाचे दृश्य साधन मानली जातात. मात्र जागेवर केलेले रेखाटन आणि प्रत्यक्ष छापील चित्र यांच्या मध्ये अनेक हात असत. त्यांतील काहींनी चित्रातले स्थळ कधीच पाहिलेले नसे, तर ज्यांनी ते सर्वांत जवळून पाहिले अशा काही भारतीय चित्रकारांची नावे चित्राखाली आली नाहीत. त्यामुळे ही चित्रे पुरावा म्हणून वापरताना त्यांची निर्मितिप्रक्रिया समजून घेणे आवश्यक ठरते.

तंत्रे

उत्कीर्णन म्हणजे एन्ग्रेव्हिंग या तंत्रात टोकदार पोलादी कोरणीने तांब्याच्या पत्र्यावर थेट रेषा कोरतात. कोरलेल्या खाचांत शाई भरून पत्र्याचा पृष्ठभाग पुसला जातो आणि ओलसर कागद त्यावर ठेवून दोन रुळांमधून दाबून काढला जातो. अम्लरेखन म्हणजे एचिंग यामध्ये पत्र्यावर मेणयुक्त लेप देऊन त्यावर सुईने रेखाटन करतात. सुईने उघडा पडलेला धातू आम्लाने खाल्ला जातो व रेषा तयार होते. कोरणी चालवण्यासाठी दीर्घ प्रशिक्षण लागे. सुईने रेखाटणे चित्रकाराच्या हाताला सोपे असल्याने अनेक चित्रकार अम्लरेखन स्वतःच करीत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲक्वाटिंट हे तंत्र रूढ झाले. यात पत्र्यावर राळेची बारीक पूड चिकटवून आम्लाचा प्रयोग करतात, त्यामुळे रेषेऐवजी सलग छटा मिळतात. जलरंगातील निसर्गचित्राचा परिणाम छपाईत आणता येत असल्याने भारताच्या दृश्यचित्रांसाठी हे तंत्र फार लोकप्रिय झाले. रंग बहुधा छपाईनंतर हाताने भरले जात. मेझोटिंट या तंत्रात पत्र्याचा संपूर्ण पृष्ठभाग आधी खडबडीत करून नंतर उजळ भाग घासून काढतात. व्यक्तिचित्रे व दरबारी प्रसंग यांसाठी ते वापरले जाई.

इ.स. १८२० नंतर पोलादी पत्र्यावरील उत्कीर्णन प्रचारात आले. तांब्याचा पत्रा काही शे ठशांनंतर झिजू लागतो. पोलादी पत्रा हजारो ठसे देऊ शकत असल्याने सचित्र पुस्तके स्वस्त झाली. याच सुमारास जर्मनीत अलॉइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेले शिळामुद्रण म्हणजे लिथोग्राफी भारतात पोहोचले. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढलेले चित्र कोरल्याविना छापता येत असल्याने मध्यस्थ कोरणाऱ्याची गरज कमी झाली.

आरंभीची चित्रे

यान हायगेन व्हान लिन्सखोटेन हे डच गृहस्थ गोव्याच्या आर्चबिशपांचे कार्यवाह म्हणून इ.स. १५८३ मध्ये गोव्यात आले आणि सुमारे पाच वर्षे तेथे राहिले. त्यांचा ‘इतिनेरारिओ’ हा ग्रंथ इ.स. १५९६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यातील गोव्याचा नकाशा, तेथील बाजारपेठ आणि निरनिराळ्या समाजांतील स्त्रीपुरुषांची चित्रे दोएतेकम बंधूंनी ताम्रपटांवर कोरली. पुढे रोगराईमुळे जुने गोवे ओस पडत गेले आणि इ.स. १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. चर्च व मठ यांखेरीज त्या नगरातील रस्ते व घरे जवळजवळ नाहीशी झाल्याने लिन्सखोटेन यांच्या ग्रंथातील चित्रांना विशेष महत्त्व आहे.

फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन यांच्या इ.स. १७२४ ते १७२६ या काळात प्रसिद्ध झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीविषयक बृहद्ग्रंथात छत्रपती शिवाजी महाराजांचे कोरीव व्यक्तिचित्र आहे. व्हॅलेंटाइन यांचे वास्तव्य प्रामुख्याने आग्नेय आशियातील डच वसाहतींत होते. अशी व्यक्तिचित्रे गोवळकोंड्यात तयार होऊन डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेलेल्या लघुचित्रांच्या परंपरेशी जोडली जातात. म्हणजे या ताम्रपटामागे दख्खनी चित्रकाराचे काम आहे, युरोपीय प्रवाशाचे नव्हे.

डॅनिश राजाने पाठवलेल्या अरबस्तान मोहिमेतील कार्स्टेन नीबूर हे इ.स. १७६३ मध्ये मुंबईत आले. मोहिमेतील त्यांचे सर्व सहकारी वाटेत किंवा मुंबईत मरण पावले. नीबूर यांनी घारापुरीला अनेकदा भेट देऊन लेण्याचा आराखडा व मूर्तींची मोजमापांसह रेखाटने केली. ती त्यांच्या प्रवासवर्णनाच्या इ.स. १७७८ मध्ये कोपनहेगन येथे निघालेल्या दुसऱ्या खंडात छापली गेली. युरोपातील विद्वानांना भारतीय शैलगृहांची बरीचशी भरवशाची पहिली ओळख या चित्रांतून झाली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मुंबई व गुजरातमध्ये राहिलेल्या जेम्स फोर्ब्स यांनी पक्षी, वनस्पती, लोक आणि वास्तू यांची असंख्य चित्रे काढली. त्यांतील निवडक चित्रे ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या चार खंडांच्या ग्रंथात इ.स. १८१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

जेम्स वेल्स, गंगाराम तांबट आणि डॅनियल

जेम्स वेल्स (इ.स. १७४७–१७९५) हे स्कॉटिश चित्रकार इ.स. १७९१ मध्ये मुंबईत आले. त्यांची ‘मुंबई बेट व परिसराची बारा दृश्ये’ ही चित्रमाला इ.स. १७९१ व १७९२ मधील रेखाटनांवर आधारित असून ती इ.स. १८०० मध्ये लंडनमध्ये प्रकाशित झाली. ही अम्लरेखने हाताने रंगवलेली आहेत. भराव घालून बेटे एकसंध होण्यापूर्वीची मुंबई, तिच्या टेकड्या, खाड्या आणि महालक्ष्मी-वरळी दरम्यानचा ‘ब्रीच’ म्हणून ओळखला जाणारा भाग यांत दिसतो.

इ.स. १७९२ मध्ये वेल्स पुण्याला गेले. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील सर चार्ल्स वॉर मॅलेट यांच्या पुढाकाराने त्यांना दरबारात प्रवेश मिळाला. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे त्यांनी रंगवली. याच काळात शनिवारवाड्यात चित्रकलेचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. गंगाराम चिंतामण तांबट हे पुण्याचे चित्रकार तेथील कामाशी निगडित होते. मॅलेट यांच्यासाठी त्यांनी वेरूळ, कार्ले इत्यादी लेण्यांची तसेच पुण्यातील प्रसंगांची रेखाटने केली. ‘एशियाटिक रिसर्चेस’ या कलकत्त्याहून निघणाऱ्या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात मॅलेट यांनी वेरूळवर लेख लिहिला. त्यासोबतची चित्रे गंगाराम यांच्या रेखाटनांवर आधारलेली आहेत. त्यांची अनेक मूळ चित्रे आज अमेरिकेतील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संस्थेत आहेत.

थॉमस डॅनियल (इ.स. १७४९–१८४०) आणि त्यांचे पुतणे विल्यम डॅनियल (इ.स. १७६९–१८३७) इ.स. १७८६ पासून भारतात प्रवास करीत होते. इ.स. १७९३ मध्ये मुंबईत त्यांची वेल्स यांच्याशी भेट झाली व त्यांनी परिसरातील लेणी पाहिली. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ‘ओरिएंटल सीनरी’ ही १४४ ॲक्वाटिंट चित्रांची मालिका इ.स. १७९५ ते १८०८ या काळात प्रसिद्ध केली. तिच्यातील पुरावास्तूंच्या भागात घारापुरीच्या लेण्याची दृश्ये आहेत.

वेल्स यांचा इ.स. १७९५ मध्ये साष्टी बेटावरील लेण्यांचे काम करीत असताना आजारी पडून मृत्यू झाला. त्यांची वेरूळची रेखाटने अपुरी राहिली होती. ती मॅलेट यांच्यामार्फत थॉमस डॅनियल यांच्याकडे गेली आणि त्यांवरून इ.स. १८०३ मध्ये २४ चित्रांचा वेरूळ संच निघाला. संचाच्या शीर्षकात वेल्स आणि डॅनियल यांची नावे आहेत. वेरूळच्या चित्रीकरणात आधीपासून गुंतलेले गंगाराम तांबट तेथे अनुल्लेखित राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ रेखाटनांचा अभ्यास झाल्यावरच त्यांच्या कार्याची व्यापक दखल घेतली गेली.

पेशव्यांच्या दरबाराचे प्रसिद्ध मुद्राचित्र हे चित्रनिर्मितीतील टप्प्यांचे आणखी एक उदाहरण आहे. टिपू सुलतानाविरुद्धचा करार इ.स. १७९० मध्ये झाला. वेल्स त्यानंतर दोन वर्षांनी पुण्यास पोहोचले. त्यांनी केलेल्या दरबारातील व्यक्तींच्या अभ्यासचित्रांचा आधार घेऊन थॉमस डॅनियल यांनी इ.स. १८०५ मध्ये लंडनमध्ये मोठे तैलचित्र रंगवले. त्यावरून चार्ल्स टर्नर यांनी मेझोटिंट केले. चित्रातील चेहरे व पोशाख यांना प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार आहे, परंतु प्रसंगाची मांडणी ही नंतरची रचना आहे.

पनवेल, कर्नाळा आणि बोरघाट

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून पुण्यास जाणारे प्रवासी सामान्यतः होडीने पनवेल बंदरात उतरत आणि तेथून घोड्यावर किंवा पालखीतून खोपोलीमार्गे बोरघाट चढत. त्यामुळे या वाटेवरील स्थळे प्रवासवर्णनांत व चित्रांत वारंवार येतात. मारिया ग्रॅहम यांनी इ.स. १८०९ मध्ये पुण्याचा प्रवास केला. त्यांचे सचित्र दैनंदिनीवजा पुस्तक इ.स. १८१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लॉर्ड व्हॅलेंशिया यांच्यासोबत आलेल्या हेन्री सॉल्ट यांच्या इ.स. १८०९ मधील २४ ॲक्वाटिंटांच्या संचात कार्ल्याच्या लेण्याचे चित्र आहे.

रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले हे कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी होते. पश्चिम भारतातील निसर्ग, पोशाख व वास्तू यांवरील त्यांचा ३६ ॲक्वाटिंटांचा संग्रह इ.स. १८२६ ते १८३० या काळात भागशः प्रसिद्ध झाला. दौलताबाद, वेरूळ आणि मुंबई बंदरासोबत त्यात बोरघाटाचीही दृश्ये आहेत. घाटाची दृश्ये विल्यम वेस्टॉल यांच्या रेखाटनांवरून घेतली असून ती घाटात गाडीरस्ता होण्यापूर्वीची आहेत. हा गाडीरस्ता इ.स. १८३० मध्ये खुला झाला.

पनवेलच्या दक्षिणेस असलेल्या कर्नाळा किल्ल्याच्या माथ्यावर बेसाल्ट खडकाचा उंच सुळका आहे. दुरून तो धुराड्यासारखा दिसत असल्याने इंग्रज खलाशी या डोंगराला ‘फनेल हिल’ म्हणत. मुंबई बंदरात शिरताना दिशा ठरवण्यासाठी ती एक ठळक खूण होती. इ.स. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर यांच्या तुकडीने हा किल्ला मराठ्यांकडून घेतला.

मुद्राचित्रांच्या तपासणीत अशा न बदलणाऱ्या भूरूपांचा विशेष उपयोग होतो. पत्र्यावर कोरलेली प्रतिमा कागदावर उलटी उमटते. कोरणाऱ्याने मूळ चित्र आधी उलटवून घेतले नसेल, तर छापील दृश्यात डावे-उजवे बदलते. शिवाय दृश्य अधिक भव्य दिसावे म्हणून डोंगरांची उंची वाढवणे, झाडे किंवा माणसे नव्याने घालणे हे प्रकार सर्रास होत. मुंबई बंदरातून पूर्वेकडे पाहिलेल्या दृश्यात कर्नाळ्याचा सुळका, माथेरानची सपाट रांग आणि करंजा बेटाच्या टेकड्या यांचा क्रम प्रत्यक्षाशी जुळवून पाहिल्यास चित्रकार कोठे उभा होता आणि त्याने काय बदलले, याचा अंदाज करता येतो.

मुंबईतील छपाई

वर उल्लेखिलेली बहुतेक चित्रे युरोपात कोरली व छापली गेली. शिळामुद्रणामुळे ही स्थिती बदलली. जोझे एम. गोन्साल्विस यांची मुंबईच्या दृश्यांची शिळामुद्रित चित्रे इ.स. १८२६ च्या सुमारास मुंबईतच तयार झाली. शहरातील इमारती व रस्ते यांच्या या चित्रांत लंडनच्या कोरणाऱ्याचा हस्तक्षेप नाही. याच तंत्राने मराठी मुद्रणालाही चालना मिळाली. गणपत कृष्णाजी यांनी इ.स. १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शतकाच्या अखेरीस राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने देवदेवतांची शिळामुद्रित रंगीत चित्रे घरोघरी नेली. हा छापखाना पुढे मुंबईहून कार्ल्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला.

दुसरीकडे, लंडनमध्ये निघणारी पोलादी उत्कीर्णने मूळ स्थळापासून अधिक दूर जात होती. नौदलातील अधिकारी रॉबर्ट एलियट यांच्या रेखाटनांवर आधारित ‘व्ह्यूज इन द ईस्ट’ हा संग्रह इ.स. १८३० ते १८३३ या काळात निघाला. त्यात सॅम्युएल प्राउट, क्लार्कसन स्टॅनफील्ड आदी इंग्रज चित्रकारांनी मूळ रेखाटने नव्याने रंगवली आणि त्यांवरून कोरणाऱ्यांनी पत्रे तयार केले. या चित्रांतील प्रकाश, ढग व अग्रभागातील माणसे यांवर तत्कालीन इंग्रजी निसर्गचित्रांची छाप स्पष्ट दिसते.

पुरावा म्हणून महत्त्व

काही प्रसंगी मूळ वस्तू नष्ट झाल्याने चित्रांचे व जुन्या वर्णनांचे मूल्य वाढले आहे. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ हे नाव दिले, त्याचे डोके व मान इ.स. १८१४ मध्ये कोसळली. हत्तीचे अवशेष इ.स. १८६४ मध्ये मुंबईला आणले गेले आणि इ.स. १९१२ मध्ये पुन्हा जोडण्यात आले. तो आज भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात आहे. हत्तीचे मूळ रूप जाणण्यासाठी अठराव्या शतकातील प्रवाशांच्या नोंदी व रेखाटने हाच आधार उरतो.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांबाबतही असेच घडले. रॉबर्ट गिल यांनी इ.स. १८४४ पासून अनेक वर्षे राबून केलेल्या मोठ्या तैलप्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित होत्या. इ.स. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. शार्लट स्पिअर यांच्या इ.स. १८५६ मधील प्राचीन भारतावरील पुस्तकात मात्र काही प्रतिकृतींवरून केलेली लहान काष्ठ उत्कीर्णने छापली गेली होती. प्रतिकृती जळाल्यावर या छोट्या छापील चित्रांनाच साधनमूल्य आले.

जेम्स फर्ग्युसन यांनी इ.स. १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शैलगृहांच्या शिळामुद्रित चित्रांपासून मात्र दृष्टिकोनात बदल दिसतो. भव्यता व गूढता यांपेक्षा वास्तूचे भाग, प्रमाणे आणि कालक्रम यांना महत्त्व आले. त्यानंतरच्या दशकांत छायाचित्रणाने सर्वेक्षणातील रेखाटनाची जागा हळूहळू घेतली.

चित्र वाचण्याच्या खुणा

मुद्राचित्राच्या खालच्या कडेला लहान अक्षरांत छापलेला मजकूर अभ्यासासाठी महत्त्वाचा असतो. प्रचलित लॅटिन संक्षेप पुढीलप्रमाणे आहेत.

डेलिन. – रेखाटन करणारा
पिंक्स. – ज्याच्या रंगचित्रावरून मुद्राचित्र केले तो चित्रकार
स्कल्प. – पत्रा कोरणारा
एक्सुड. – छापणारा किंवा प्रकाशक

‘डेलिन.’ आणि ‘स्कल्प.’ यांपुढे एकच नाव असल्यास रेखाटन व कोरीवकाम एकाच व्यक्तीचे असते. नावे भिन्न असल्यास चित्र किमान दोन हातांतून गेलेले असते. पत्रा कागदावर दाबला गेल्याने चारी बाजूंना उमटणारी खोलगट कडा ही ताम्र व पोलादी मुद्राचित्रांची ओळख आहे. शिळामुद्रणात अशी कडा नसते. प्रकाशनाची तारीख ही चित्र काढल्याची तारीख नव्हे. वेल्स यांच्या मुंबई दृश्यांप्रमाणे दोहोंमध्ये अनेक वर्षांचे अंतर असू शकते.

संग्रह आणि जतन

युरोपीय मुद्राचित्रे व सचित्र ग्रंथ लंडनची ब्रिटिश लायब्ररी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट येथे मोठ्या संख्येने आहेत. मुंबईत इ.स. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात या काळातील दुर्मीळ ग्रंथ आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि इ.स. १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांच्याकडेही शहराच्या इतिहासाशी संबंधित चित्रसामग्री आहे. पॉलीन रोहतगी व फिरोजा गोदरेज यांच्या इ.स. १९८९ मधील ‘सीनिक स्प्लेंडर्स’ या ग्रंथाने या विषयाच्या भारतातील अभ्यासाला चालना दिली.

या चित्रांना सर्वांत मोठा धोका ग्रंथ फोडून सुटी पाने विकण्याच्या प्रथेचा आहे. पान वेगळे झाले की सोबतचा वर्णनपर मजकूर, चित्राचा क्रमांक आणि कधी कडेवरची नावेही नाहीशी होतात. चित्र शोभेची वस्तू म्हणून टिकते, पण साधन म्हणून त्याचे मूल्य घटते. मूळ एकरंगी चित्रे विक्रीसाठी नव्याने रंगवणे हाही नेहमीचा प्रकार आहे.

सतराव्या व अठराव्या शतकातील कागद चिंध्यांपासून बनवलेला असल्याने तो टिकाऊ आहे. हानी मुख्यतः आम्लयुक्त पुठ्ठा, तीव्र प्रकाश, किडे आणि दमट हवा यांमुळे होते. कोकण किनाऱ्यावरील आर्द्रतेत कागदावर तपकिरी ठिपके व बुरशी लवकर येते. त्यामुळे आम्लरहित पुठ्ठ्यात ठेवणे, तापमान व आर्द्रता स्थिर राखणे आणि मंद प्रकाशात मर्यादित काळच प्रदर्शित करणे हे उपाय योजले जातात. अंकीय प्रती काढताना केवळ चित्राचा भाग न घेता कडेवरील मजकूर व मागील बाजू यांसह संपूर्ण पानाची नोंद करणे अभ्यासाच्या दृष्टीने आवश्यक मानले जाते.

हेही पाहा

घारापुरी लेणी
वेरूळ लेणी
कर्नाळा किल्ला
बोरघाट
गंगाराम तांबट
शिळामुद्रण